आल्बिजन्सियन क्रुसेड: दोन्ही बाजूंची मुख्य माणसं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे नेमकं कुठलं क्रुसेड? जेरुसलेमवालं का?

नाही, हे युरोपच्या आतलं धर्मयुद्ध. आजच्या फ्रान्सच्या दक्षिणेकडचा लांगदोक म्हणून भाग आहे, तुलूझ, कार्कासोन, बेझिए, आल्बी ही तिथली शहरं, तिथे पोपच्या हुकमावरून उत्तरेकडच्या ख्रिश्चन सरदारांनी दक्षिणेकडच्या ख्रिश्चनांवर केलेली ही स्वारी. सुरुवात १२०९ मध्ये झाली, १२२९ मध्ये तह झाला, आणि तरी माणसं जाळणं पुढे कित्येक वर्षं चालूच राहिलं. आल्बी गावावरून नाव पडलं, पण मुख्य लढाई तिथे झालेली नाही, खरं केंद्र तुलूझ.

ज्यांच्याविरुद्ध हे सगळं झालं ते कॅथार लोक मानायचे तरी काय?

थोडक्यात सांगतो. हे डोळ्यांना दिसणारं जग, शरीर, जमीनजुमला हे सगळं वाईट शक्तीने घडवलं, चांगल्या देवाचं राज्य फक्त आत्म्याचं, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यात पूर्ण दीक्षा घेतलेले थोडेच असायचे, लोक त्यांना 'भले लोक' म्हणायचे. हे मांस, अंडी, दूध खात नसत (मासे चालायचे), शपथ घेत नसत, लग्नसंबंधापासून लांब राहायचे, आणि बायकांनाही ही दीक्षा मिळायची. बाकीचे सामान्य अनुयायी नेहमीसारखा संसार करायचे आणि मरणाच्या वेळी दीक्षा घ्यायचे. कॅथार असं संघटित चर्च खरंच होतं की पाद्र्यांच्या नोंदींमुळे ते मोठं आणि शिस्तबद्ध भासतं, यावर इतिहासकारांमध्ये आजही जोरदार वाद आहे.

म्हणजे एका बाजूला कॅथलिक आणि दुसऱ्या बाजूला कॅथार, असंच ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त घोळही इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुसऱ्या बाजूने तलवार घेऊन लढणारे जवळजवळ सगळे मोठे लोक कॅथलिकच होते. तुलूझचा काउंट रेमंड सहावा कॅथलिक, त्याचा भाचा ट्रेंकावेल कॅथलिक, आरागॉनचा राजा पेद्रो दुसरा तर इतका कॅथलिक की त्याचं टोपणनावच 'कॅथलिक' आहे आणि १२०४ मध्ये रोमला जाऊन खुद्द पोपच्या हातून त्याने मुकुट घालून घेतला होता. भले लोक स्वतः शस्त्र धरत नव्हते. मग भांडण कशाचं? तर पोपचं म्हणणं असं की तुमच्या राज्यात पाखंडी राहतात, तुम्ही त्यांना हाकलत नाही, म्हणजे तुम्ही त्यांचे पाठीराखे, आणि पाठीराख्याची जमीन जो कोणी कॅथलिक घेईल त्याची. पण दक्षिणेकडे एकाच घरात आई दीक्षा घेतलेली, मुलगा कॅथलिक, काका मठात असं सर्रास असायचं. आपल्याच आईला, बहिणीला, शेजाऱ्याला धरून द्या असं ते मागणं होतं आणि ते तिथल्या लोकांना मानवलं नाही. बेझिएच्या वेढ्यात तर तिथल्याच बिशपने दोनशेच्या वर पाखंड्यांची नावं असलेली लिस्ट आणली होती, एवढे आमच्या हवाली करा नाहीतर तुम्ही बाकीचे बाहेर पडा असा निरोप होता. गावाने दोन्हीला नकार दिला. मला या अख्ख्या इतिहासात हा नकार सगळ्यात मोठा वाटतो.

हे सगळं पेटलं कुणामुळे?

ठिणगी पडली ती पिएर द कास्तेलनो या पोपच्या प्रतिनिधीच्या खुनाने. १२०७ मध्ये त्याने रेमंड सहाव्याला धर्मबहिष्कृत केलं, मग जानेवारी १२०८ मध्ये साँ-झिल इथे दोघांची भेट झाली, ती बिनसली, आणि परत जाताना ऱ्होन नदीपाशी एका घोडेस्वाराने त्याला भाल्याने भोसकलं. रेमंडने हे करवून घेतलं याचा पुरावा कधीच पुढे आला नाही. त्याच्यासारख्या माणसाला यातून फायदा काहीच नव्हता, पण भेटीतली बाचाबाची सगळ्यांना माहीत असल्यामुळे संशय त्याच्यावरच गेला.

पोप इनोसंट तिसरा खलनायक होता का?

११९८ मध्ये पोप झाला तेव्हा तो चाळिशीच्याही आत होता, कायद्याचा आणि धर्मशास्त्राचा अभ्यास केलेला, प्रचंड कामसू. सुरुवातीची दहा वर्षं त्याने प्रतिनिधी पाठवले, प्रवचनकार पाठवले, नालायक बिशप बदलले, फ्रान्सच्या राजाला पत्रांवर पत्रं लिहिली. खुनानंतर मात्र त्याने क्रुसेडची हाक दिली आणि जेरुसलेमला जाऊन जे पुण्य मिळतं तेच इथेही मिळेल असं जाहीर केलं. इथे एक व्यवहाराची गोष्ट समजून घ्यायला हवी. चाळीस दिवस सैन्यात काढले की पापक्षमा पदरात. पॅलेस्टाईनला जायचं तर समुद्रप्रवास, वर्षं दोन वर्षं, कर्ज, आणि इथे उन्हाळ्यात निघालं की सुगीपर्यंत घरी. त्यामुळे १२०९ मध्ये लियाँला भलीमोठी फौज जमली, आणि त्यामुळेच दरवर्षी चाळीस दिवस झाले की ती फौज वितळून जायची.

पोपला नंतर शंका आली होती हेही खरं. १२१३ च्या सुरुवातीला त्याने क्रुसेड थांबवायचा आदेश दिला, मग काही महिन्यांतच आपल्याच प्रतिनिधींच्या दबावाखाली तो फिरवला. त्याला दोष द्यायचा तर मी तो इथे देईन. जे चाललंय ते त्याला कळत होतं आणि तरी त्याने लगाम खेचून धरला नाही. १२१६ मध्ये पेरुजा इथे तो वारला.

"सगळ्यांना मारा, देव आपली माणसं ओळखून घेईल" हे वाक्य नक्की कोणाचं?

हे आर्नो आमालरिकच्या तोंडी घातलं जातं. हा सितो मठाचा प्रमुख, म्हणजे सिस्टर्शियन पंथाचा सर्वोच्च माणूस, आणि पहिल्या स्वारीचा धर्माकडून नेमलेला पुढारी. पण हे वाक्य लिहून ठेवलंय हायस्टरबाखच्या सीझेरियस नावाच्या जर्मन मठवासीयाने, घटनेनंतर दहा-पंधरा वर्षांनी, आणि तो तिथे हजर नव्हता. त्यामुळे आर्नो असं बोलला हे ठामपणे म्हणता येत नाही.

मात्र आर्नोने स्वतः पोपला जे पत्र पाठवलं ते उपलब्ध आहे आणि ते मला त्या वाक्याहून भयंकर वाटतं. २२ जुलै १२०९ ला बेझिए पडलं. नदीजवळच्या तळावर काही गावकरी बाहेर येऊन चकमक करायला लागले, सैन्यासोबत फिरणारे भुरटे, हमाल, नोकर त्यांच्या मागे धावत वेशीतून आत घुसले आणि सरदारांनी हुकूम द्यायच्या आधीच कत्तल सुरू झाली. आर्नो लिहितो की वय, लिंग, दर्जा काही न बघता जवळपास वीस हजार माणसं मारली, आणि पुढे हा देवाचा चमत्कारिक सूड म्हणून आनंद व्यक्त करतो. वीस हजार आकडा फुगवलेला आहे असं बहुतेक इतिहासकार मानतात, पण तो फुगवावासा वाटणं यातच त्या माणसाचं मन दिसतं. मेरी मॅग्डलीनच्या चर्चमध्ये आसरा घेतलेले लोकही वाचले नाहीत, आणि तो दिवस तिच्याच सणाचा होता. मेलेल्यांमधले बहुसंख्य कॅथलिक असणार, तिथले पाद्रीसुद्धा मेले.

हाच आर्नो १२१२ मध्ये नार्बोनचा आर्चबिशप झाला आणि मग नार्बोनची सरदारकी कोणाची यावरून त्याचं क्रुसेडच्याच सेनापतीशी, सिमोन द मोंफोरशी, इतकं फाटलं की त्याने सिमोनला धर्मबहिष्कृत करून टाकलं.

रेमंड सहावा भित्रा होता की धोरणी?

यावर लोक हमरीतुमरीवर येतात. क्रुसेड सुरू झालं तेव्हा तो बावन्न वर्षांचा, पाच लग्नं झालेला, तुलूझचा काउंट, फ्रान्सच्या राजापेक्षा कमी पण बाकी कोणापेक्षा कमी नाही असा तोरा. जून १२०९ मध्ये साँ-झिलच्या चर्चसमोर त्याला कमरेपर्यंत उघडं करून पोपच्या प्रतिनिधीने फटके मारत आत नेलं, यहुदी लोकांना सरकारी कामावरून काढीन, पाखंड्यांना आसरा देणार नाही अशा शपथा घ्यायला लावल्या. मग काही दिवसांत त्याने स्वतःच क्रुसेडचा क्रॉस छातीवर लावला. कारण साधं आहे, क्रुसेडरच्या जमिनीला हात लावायचा नाही असा नियम होता. आणि अशा रीतीने तो स्वतःच्या भाच्याची शहरं पडताना त्याच फौजेत उभा राहिला.

इथवर वाचलं की त्याचा राग येतो, मलाही येतो. पण पुढची तेरा वर्षं बघा. राज्य गेलं, १२१५ च्या लॅटरन परिषदेत (रोममध्ये भरलेली चर्चची मोठी सभा) तुलूझ अधिकृतपणे सिमोनला देऊन टाकलं, साठीला टेकलेला माणूस इकडून तिकडे वणवण फिरला, आणि सप्टेंबर १२१७ मध्ये धुक्यातून गुपचूप नदी ओलांडून तुलूझमध्ये शिरला तर लोकांनी रडत त्याच्या कपड्यांची चुंबनं घेतली असं त्या काळच्या एका काव्यात आहे. भित्र्या माणसासाठी एखादं शहर उठाव करून नऊ महिने वेढा सोसत नाही. लढाईत तो कच्चा होता हे मान्य, माघार घ्यायची सवय होती, पण आपल्या लोकांना त्याने विकलं नाही. १२२२ मध्ये वारला तेव्हा बहिष्कार कायम होता, म्हणून ख्रिश्चन विधीने पुरू दिलं नाही. मुलाने अनेक वर्षं खटपट केली तरी परवानगी आली नाही.

ट्रेंकावेलचं काय झालं?

रेमंड-रॉजर ट्रेंकावेल, बेझिए आणि कार्कासोनचा व्हायकाउंट, वय चोवीस. मामा आधीच शरण जाऊन मोकळा झाला होता, त्यामुळे सगळी फौज याच्या अंगावर आली. यानेही शरण यायची तयारी दाखवली होती, ती ऐकूनच घेतली नाही. बेझिएहून निघताना तिथल्या यहुदी लोकांना तो बरोबर घेऊन गेला, म्हणून ते वाचले. ऑगस्टमध्ये कार्कासोनला वेढा पडला, उन्हाळा, विहिरी आटलेल्या, आत निर्वासितांची गर्दी, गुरांची मढी आणि माशा. आरागॉनचा राजा मध्यस्थीला आला तर त्याला सांगण्यात आलं की व्हायकाउंटने मोजके साथीदार घेऊन निघून जावं, बाकीचे आमच्या मर्जीवर. ट्रेंकावेलने ते धुडकावलं. शेवटी बोलणी करायला तो शत्रूच्या तळावर गेला आणि परत आलाच नाही. गावकऱ्यांना अंगावरच्या सदऱ्यानिशी बाहेर काढलं, त्यांचा जीव वाचला, मालमत्ता सगळी गेली. ट्रेंकावेल नोव्हेंबरमध्ये स्वतःच्याच किल्ल्याच्या कोठडीत मेला. हगवणीने गेला असं जाहीर झालं, लोकांनी त्यावर विश्वास ठेवला नाही.

सिमोन द मोंफोर एवढा मोठा कसा झाला?

ट्रेंकावेलची जमीन आधी बरगंडीचा ड्यूक, नेव्हेरचा काउंट अशा बड्या लोकांना देऊ केली होती. त्यांनी नाही म्हटलं, दुसऱ्याचं वतन असं घ्यायला त्यांना बरं वाटलं नाही. मग पॅरिसजवळचा मधल्या दर्जाचा सरदार सिमोन पुढे आला. आईकडून इंग्लंडमधल्या लेस्टरच्या सरदारकीवर त्याचा हक्क होता, पण ती जमीन इंग्लंडच्या राजाने हातात ठेवू दिली नव्हती.

या माणसाला एका खोक्यात बसवता येत नाही. १२०२ मध्ये चौथ्या क्रुसेडने पैशांपायी झारा या ख्रिश्चन शहरावर हल्ला करायचं ठरवलं तेव्हा, मी ख्रिश्चनांना मारायला आलेलो नाही असं म्हणून बाजूला होणाऱ्या थोड्या लोकांत हा होता. बायकोशी एकनिष्ठ, प्रार्थनेला रोज हजर, रणांगणावर आपल्या साध्या शिपायासाठी मागे फिरणारा. आणि याच माणसाने १२१० मध्ये ब्राम गावच्या शंभरेक कैद्यांचे डोळे काढले, नाक आणि वरचा ओठ कापला, एकाचा एक डोळा शाबूत ठेवला आणि त्याच्यामागे सगळ्यांना रांगेने काबारे किल्ल्याकडे पाठवलं, दहशत बसावी म्हणून. त्याआधी दक्षिणेच्या एका सरदाराने सिमोनच्या दोन शिलेदारांची अशीच विटंबना केली होती, त्याचा हा बदला असं त्याचे समर्थक सांगतात. दोनाच्या बदल्यात शंभर, याला बदला म्हणायची माझी तयारी नाही.

त्याच वर्षी मिनेर्व्ह पडलं, तिथे १४० भले लोक जाळले. शरण या आणि धर्म बदला तर जीव वाचेल अशी अट होती, सिमोनच्या एका शिलेदाराने कुरकुर केली की हे भीतीपोटी हो म्हणतील आणि सुटतील, त्यावर आर्नो म्हणाला की काळजी करू नका, फार थोडे बदलतील. तसंच झालं, तीन बायका सोडल्या तर कोणी बदललं नाही.

म्युरेची लढाई एवढी महत्त्वाची का? आणि पेद्रो राजा इथे कसा आला?

पेद्रोची केस सगळ्यात विचित्र. जुलै १२१२ मध्ये स्पेनमध्ये लास नावास द तोलोसाच्या लढाईत मुस्लिम अल्मोहाद सत्तेला हरवणाऱ्या तीन राजांपैकी हा एक, म्हणजे ख्रिश्चन जगाचा हिरो, आणि वर्षभरानंतर तोच क्रुसेडविरुद्ध लढताना मेला. दक्षिणेतले बरेच सरदार त्याला आपला वरिष्ठ मानायचे आणि त्याच्या दोन बहिणी तुलूझच्या घरात दिलेल्या होत्या, एक रेमंड सहाव्याला आणि दुसरी त्याच्या मुलाला (हो, बापलेक एकमेकांचे साडू).

१२ सप्टेंबर १२१३ ला म्युरे गावापाशी गाठ पडली. सिमोनकडे घोडदळ नऊशेच्या आतबाहेर, समोर त्याहून कितीतरी मोठी फौज. रेमंडने सुचवलं की तळाभोवती कुंपण घालू, तिरंदाजांनी त्यांना दमवू आणि मग वार करू. आरागॉनच्या सरदारांनी त्याला भित्रा म्हणून हिणवलं. सल्ला बरोबर होता. सिमोनने घोडे घालून थेट राजाचीच तुकडी फोडली, पेद्रो दुसऱ्या कुणाचं तरी चिलखत घालून लढत होता, त्यातच तो मारला गेला. राजा पडला म्हटल्यावर फौज उधळली आणि तुलूझचे पायदळाचे साधे नागरिक गारोन नदीकाठी हजारोंनी कापले गेले. पेद्रोचा पाच वर्षांचा मुलगा त्या वेळी सिमोनच्याच ताब्यात होता, त्याच्या मुलीशी लग्न ठरवून पाठवलेला, पुढे पोपने सांगून त्याला परत करायला लावलं. हा मुलगा म्हणजे आरागॉनचा प्रसिद्ध राजा जेम्स पहिला.

सिमोनला बायकांनी मारलं हे खरं का?

२५ जून १२१८, तुलूझचा वेढा. सिमोनचा भाऊ गी जखमी झाला, सिमोन त्याच्याकडे धावला आणि तेवढ्यात भिंतीवरच्या दगडफेकी यंत्रातून सुटलेला धोंडा त्याच्या डोक्यात बसला. ते यंत्र गावातल्या बायका आणि मुली चालवत होत्या असं दक्षिणेच्या बाजूच्या त्या काव्यात म्हटलंय, आणि दगड जिथे लागायला हवा होता तिथेच लागला असंही. यंत्रावर नक्की कोण होतं याला दुसरा भक्कम पुरावा नाही, पण त्या वेढ्यात बायकामुलांनी माती वाहून तटबंदी उभी केली हे नक्की, त्यामुळे गोष्ट अशक्य अजिबात नाही. बातमी पसरली तशा शहरात घंटा वाजल्या, ढोल वाजले, लोकांनी मेणबत्त्या लावल्या.

या इतिहासात बायका आणखी कोण कोण आहेत?

भरपूर. फ्वाच्या काउंटची बहीण एस्क्लारमोंद, विधवा झाल्यावर १२०४ मध्ये फांजो इथे सगळ्यांसमोर दीक्षा घेतली, भाऊ काउंट म्हणून हजर होता. १२०७ मध्ये पामिएच्या वादसभेत ती बोलायला उठली तर एका मठवासीयाने "बाई, जा आणि चरखा चालवा" अशा अर्थाचं सुनावलं. (पुढे मोंसेगुर किल्ल्यापाशी जाळलेली एस्क्लारमोंद वेगळी, ती त्या किल्ल्याच्या मालकाची मुलगी, दोघींची नेहमी गल्लत होते.)

लाव्होरची मालकीण गिरोद. तिच्या दारातून कोणी उपाशी जायचं नाही अशी तिची ख्याती. मे १२११ मध्ये लाव्होर पडलं, तिचा भाऊ एमेरी ऐंशीच्या आसपास शिलेदारांसह मारला गेला, तिला विहिरीत टाकून वर दगड लोटले, आणि तीनचारशे भले लोक एकाच ठिकाणी जाळले. क्रुसेडच्या बाजूने लिहिणाऱ्या कवीलाही गिरोदचं मरण म्हणजे पाप वाटलं.

दुसऱ्या बाजूला सिमोनची बायको आलिक्स द मोंमोरांसी, उत्तरेत जाऊन नवऱ्यासाठी फौजा उभ्या करणारी, वेढ्याच्या ऐन मोक्याला कुमक घेऊन पोहोचणारी. आणि फ्रान्सची राणी ब्लांश, तिच्याबद्दल खाली येतंच आहे.

संत डॉमिनिकने इन्क्विझिशन सुरू केलं का?

नाही. डॉमिनिक १२२१ मध्ये वारला आणि पोपने लांगदोकमध्ये पाखंड्यांच्या चौकशीचं काम (हेच इन्क्विझिशन) डॉमिनिकच्या पंथातल्या मठवासीयांकडे दिलं ते १२३३ च्या सुमारास. गैरसमज पसरायला एक कारण म्हणजे पंधराव्या शतकाच्या शेवटी स्पॅनिश चित्रकार बेरुगेतेने काढलेलं चित्र, त्यात डॉमिनिक सिंहासनावर बसून पाखंड्यांच्या शिक्षेचा सोहळा पाहतोय. प्रत्यक्षात तो १२०६ पासून पायी, अनवाणी, भिक्षा मागत फिरला, कारण त्याच्या लक्षात आलं होतं की रेशमी झगा घालून घोड्यावरून येणाऱ्या पाद्र्याचं लोक ऐकणार नाहीत, भले लोक साधे राहतात म्हणून त्यांचं ऐकतात. मोंरेआलला दोन आठवडे वाद चालला, समोर गिलाबेर द कास्त्रसारखा कॅथार पुढारी. माणसं जिंकायचा हा एकच रस्ता बरा होता आणि त्याला पुरता वेळच दिला नाही याची मला खरंच हळहळ वाटते.

गायक असलेला बिशप कोण?

फोल्के. मार्सेचा व्यापारी, प्रेमगीतं लिहिणारा नामांकित कवी, मग विरक्ती आली, मठात गेला आणि १२०५ मध्ये तुलूझचा बिशप झाला. शहरातल्या कॅथलिकांची सशस्त्र टोळी त्याने उभी केली, तर उपनगरातल्या लोकांनी उलट दुसरी टोळी काढली, आणि गल्लीगल्लीत मारामाऱ्या. तुलूझकर त्याच्यावर इतके चिडलेले होते की तो जिथे जाईल तिथे सैन्य येतं असं म्हणायचे. दान्तेने मात्र त्याला आपल्या काव्यात स्वर्गात जागा दिली आहे.

शेवटी जिंकलं कोण?

फ्रान्सचा राजा, जो सुरुवातीला यात पडायलाच तयार नव्हता. फिलिप ऑगस्टसला इंग्लंडच्या जॉनचा आणि जर्मन सम्राटाचा घोर लागलेला, शिवाय रेमंड सहावा त्याचा सख्खा आतेभाऊ. सिमोन मेल्यावर त्याचा मुलगा आमोरी हळूहळू सगळं गमावत गेला, रेमंड सहाव्याचा मुलगा रेमंड सातवा, म्हणजे तरुण काउंट, एकेक गाव परत घेत गेला, आणि १२२४ मध्ये आमोरीने हात टेकून हक्क राजाला देऊन टाकले. मग फिलिपचा मुलगा, राजा आठवा लुई, मोठी फौज घेऊन १२२६ मध्ये उतरला, अव्हिन्यो घेतलं, परतीच्या वाटेवर आजारी पडून मेला. राज्य आलं त्याची विधवा ब्लांशकडे, मुलगा लहान. ती आणि रेमंड सातवा मावसभावंडं, दोघांच्या आया इंग्लंडच्या हेन्री दुसऱ्याच्या मुली. लढाई करकरून दोघेही थकले होते. इतकी वर्षं पिकं जाळून, द्राक्षमळे उपटून दक्षिण कंगाल झाली होती.

एप्रिल १२२९ मध्ये पॅरिसच्या नोत्र दाम समोर रेमंड सातव्याला फटके मारत आत नेलं, वीस वर्षांपूर्वी बापाला नेलं तसंच. अट अशी की एकुलती एक मुलगी झान राजाच्या भावाशी लग्न करेल आणि वारसा त्यांच्याकडे जाईल. १२७१ मध्ये ती दोघंही निपुत्रिक मेली आणि तुलूझ फ्रान्सच्या खजिन्यात जमा झालं. त्याच तहातून तुलूझ विद्यापीठही निघालं, खर्च रेमंडच्या माथी.

मग मोंसेगुर कुठे येतं? ते तर १२४४ चं ना?

हो, तहानंतर पंधरा वर्षांनी. गिलाबेर द कास्त्रने १२३२ मध्ये मोंसेगुरचा मालक रेमंड द पेरेइयला विनंती केली की हा डोंगरी किल्ला आमच्या लोकांचं ठाणं होऊ दे. मे १२४२ मध्ये मोंसेगुरच्या शिबंदीतल्या माणसांनी अव्हिन्योने नावाच्या गावात मुक्कामाला असलेल्या इन्क्विझिटरांना रात्री कुऱ्हाडीने मारलं, आणि मग वेढा येणारच होता. तो दहा महिने चालला. शरणागतीच्या अटी बऱ्याच सौम्य होत्या, शिपायांना माफी, पंधरा दिवसांची मुदत, फक्त भल्या लोकांनी धर्म सोडायचा नाहीतर आग. त्या पंधरा दिवसांत वीसेक जणांनी, ज्यांना सहज सुटता आलं असतं, उलट दीक्षा घेतली. त्यात मालक रेमंड द पेरेइयची बायको कोर्बा आणि मुलगी होती. १६ मार्च १२४४ ला दोनशेहून जास्त माणसं पायथ्याशी जाळली, त्यांचा बिशप बेरत्रां मार्तीसकट. खजिना, होली ग्रेल (येशूचा पवित्र प्याला), गुप्त भुयारं याबद्दलच्या ज्या गोष्टी फिरतात त्या फार नंतरच्या आहेत, या माणसांना त्यांची गरज नाही.

दहा लाख माणसं मेली असं वाचलंय, खरं का?

त्या काळच्या कुठल्याही नोंदीतून हा आकडा निघत नाही. बेझिए, मार्मांद, लाव्होर अशा एकेका गावाच्या नोंदी आहेत, त्याही फुगवलेल्या असू शकतात. खरी बेरीज कोणी करू शकत नाही.

गोव्यातलं इन्क्विझिशन हेच का?

एका घराण्यातलं, पण संस्था वेगळी. लांगदोकमधले इन्क्विझिटर थेट पोपने नेमलेले होते. गोव्यातलं १५६० मध्ये आलं ते पोर्तुगीज राजाच्या छत्राखालच्या इन्क्विझिशनची शाखा म्हणून, ते १८१२ पर्यंत (मधला थोडा काळ सोडून) टिकलं. सारखेपणा कामाच्या पद्धतीत दिसतो: गुप्त साक्षीदार, शेजाऱ्याने शेजाऱ्याचं नाव सांगणं, मेलेल्यांवरही खटला.

तिकडे गेलं तर आज काय बघता येतं?

मोंसेगुरच्या माथ्यावर जे अवशेष आहेत ते १२४४ नंतर बांधलेल्या किल्ल्याचे, जुनं गाव जवळपास उरलेलं नाही, पण कडा तोच आहे आणि चढताना दम लागतो. कार्कासोनचा कोट एकोणिसाव्या शतकात वास्तुकार व्हिओले-ल-द्युकने नव्याने उभा केलेला, टोकदार छपरं त्याची. आत साँ-नाझेर चर्चमध्ये एक कोरीव दगड आहे, त्यावर वेढ्याचा देखावा आहे आणि तो तुलूझचा, सिमोनच्या शेवटच्या लढाईचा, असं मानतात. जवळ जाऊन बघितलंत तर दगडफेकी यंत्राच्या दोऱ्या ओढणारी माणसं दिसतील. आल्बीचं विटांचं कॅथेड्रल १२८२ नंतरचं, म्हणजे युद्ध संपून अर्धशतक झाल्यावरचं, आणि तरी ते किल्ल्यासारखं बांधलंय. वेळ कमी असेल तर मी मिनेर्व्ह निवडेन, तिथली दरी बघितली की पाणी तोडून गाव कसं घेतलं हे नकाशाशिवाय कळतं.